मध्यंतरानंतर

बाबा टॉकीजमध्ये डोअरकीपर होते, नाना पेठेत.
आता तिथे चष्म्यांचं दुकान आहे, वर कोचिंग क्लास,
त्याच्या वर काय, मी मान वर करून पाहिलेलं नाही.

मे महिन्यात मोठा पिक्चर लागायचा.
मोठा म्हणजे ज्याचं पोस्टर लावायला दोन शिड्या लागत.
परीक्षा झालेली, निकाल लागायचा,
आणि आम्हाला सुट्टीत जायला गाव नव्हतं.
मी आणि वैजू गंज पेठेतून निघायचो बरोबर एकला,
डांबराला चिकटलेली स्लीपर
पावलापावलाला सोडवून घेत.

पावणेदोनला मध्यंतर.
लोक भज्यांसाठी बाहेर यायचे, बोटं पुसत आत जायचे,
आणि त्यांच्या पायांमधून आम्ही.
बाबा आमच्याकडे बघायचे नाहीत.
तोच होकार.
सगळ्यात पुढे, फरशीवर. खुर्चीला हात लावायचा नाही,
कुणी विचारलं तर आपण पठाऱ्यांचे नाही.

त्या वर्षी समुद्रातून खेकडा आला होता,
परदेशी खेकडा, हिंदी बोलणाऱ्या लोकांच्या शहरात.
मला पर्वतीएवढा वाटला.
आम्ही शिरलो तेव्हा पूल आधीच अर्धा तुटलेला,
ट्राम आडवी पडून तिची चाकं अजून फिरतायत,
आणि एक बाई
एकच लाल बूट छातीशी धरून रडतेय.
कुणाचा बूट?
वैजू म्हणाली, तिच्या बाळाचा.
मी म्हणालो, दुकानातून उचललाय.
त्या बुटावरून आम्ही शाळा उघडेपर्यंत भांडलो.

नऊ वेळा पाहिला. नऊही वेळा तिथूनच.
पोटाला गार फरशी, मानेला रग,
आणि मला वाटायचं शहरं अशीच असतात,
मोडलेली, कुणीतरी पळतंय.

आधी काय होतं, बाबांना विचारलं.
त्यांनाही माहीत नव्हतं.
दारातला माणूस पडद्याकडे पाठ करून उभा असतो.
शर्टाच्या खिशातून तिकिटांचा गुलाबी चुरा
वर्तमानपत्रावर झटकत म्हणाले,
"आवाजावरून सांगतो. बराच वेळ काहीच होत नाही."

यंदा तो पुन्हा लागला.
पंचवीस वर्षं झाली म्हणून, धुऊनपुसून,
हडपसरच्या मॉलमध्ये, सोमवारी सकाळी, साडेतीनशे रुपये.
ऑफिसात पोटाचं कारण सांगितलं, जुईला घेतलं.
वैजूला नाशिकला मेसेज टाकला: खेकडा.
तिचं उत्तर आलं: बूट बघ.

पडदा उजळला आणि शहर अख्खं होतं.
पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत.
ट्राम आपल्या चाकांवर, घंटा वाजवत.
कुणी खिडकीत सतरंजी झटकतंय,
एक पोरगा पावावर काहीतरी फासून खातोय, उगाच.
दुकानाच्या काचेत लाल बूट,
आणि ती बाई काचेला नाक लावून किंमत वाचते,
पुढे जाते,
परत येते.

बाबा, खेकडा कधी येणार?
येईल.
पण कधी?
माझा घसा असा आवळला होता की बोलवेना.
येऊ नको, मी खेकड्याला म्हणत होतो, इतक्यात नको,
अजून पाच मिनिटं त्या पोराला पाव खाऊ दे.

बाई दुकानाच्या दाराला हात लावते,
आणि जुई म्हणते, शू.

बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर
तिची पॉपकॉर्नची बादली धरून उभा राहिलो.
मागे बंद दार.
दारापलीकडे आधी शांतता,
मग एक लांब, ओला, ओळखीचा आवाज,
मग किंकाळ्या.
मी वळलो नाही.
हात धुतलेस का, विचारलं. फ्रॉकला पुसले, म्हणाली.

आत आलो तर पूल अर्धा तुटलेला,
ट्रामची चाकं फिरतायत,
बाई रडतेय.
जुई खुर्चीत मांडी घालून पुढे सरसावली.
हा बूट कुणाचा, तिने विचारलं.

मी फोन काढला, अंगठ्याने उजेड झाकून
वैजूला लिहिलं:
तुझं बरोबर होतं.